स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी खंजिरी: घ्याच, पण पारखून

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांत वाढलेल्या अमरावतीकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे वाद्य शिकवावं लागत नाही. स्मृतिभ्रंशात नावं-नाती पुसली, तरी हाताला ठेका बहुधा उशिरापर्यंत आठवतो.

सहा इंची, हलकी घ्या. आठ इंची मनगटाला जड जाते. कडेवरून बोट फिरवून बघा. झांजांच्या खिळ्याचं टोक बाहेर असेल, तर म्हाताऱ्या हाताची पातळ कातडी लगेच सोलते. चामड्याचा आवाज गोड, पण पावसाळ्यात ते ढिलं पडतं अन् थाप भद्द वाजते. फायबरची बारमाही चालते. झांजा कर्कश असतील तर दोन जोड्यांना कापडी पट्टी गुंडाळा. आजींनी कपाळाला आठी घातली, मान वळवली, की तो नकारच, तिथंच थांबायचं. कानाला यंत्र असेल तर आणखी जपा.

समोर, त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसा. मांडीवर त्यांचं बोट कसं चालतंय ते आधी बघा, त्याच लयीत हळू थाप द्या आणि वाट बघा. उत्तर उशिरा येतं, पण बहुधा येतं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, तीही स्मृतिभ्रंशात सांजेला होणारी घालमेल सुरू व्हायच्या आधी.