गॅस ग्रिल घ्यायचं तर कुठलं: ब्रँडेड, ऑनलाइन का उद्यमनगरात बनवून?

परसात नाहीतर टेरेसवर कायमचं ठेवायला गॅस ग्रिल पाहिजे, टिकाऊ पाहिजे, तर कोल्हापुरात तीन रस्ते आहेत. बाहेरच्या कंपनीचं झाकणवालं ब्रँडेड, ऑनलाइन मिळणारं चकचकीत स्वस्तातलं, आणि तिसरं म्हणजे उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्यापुढं उभं राहून बनवून घेतलेलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात चारपाच माणसं, झाकण लावून अख्खी कोंबडी निवांत भाजायचीय, तर ब्रँडेड घ्या. तंगडी, सीख, मटणाचे तुकडे, मक्याची कणसं आणि दर वेळी पावणंरावळं धरून पंधरावीस जण, तर बनवून घ्या. मधलं ऑनलाइनवालं मला तरी कुणाला घ्या म्हणवत नाही, का ते पुढं येतंच.

दुकानात सगळे झाकण बघतात. झाकणावर थर्मामीटर आहे का, हँडल कसंय, पॉलिश किती चमकतंय. पण ग्रिल मरतं ते आतनं. पहिल्यांदा बर्नर जातो, मग बर्नरवरची पत्र्याची पट्टी, मग जाळी, आणि झाकण बिचारं शेवटपर्यंत नव्यासारखं असतंय. त्यामुळं झाकण सोडा, खाली वाकून बर्नर बघा, आणि दुकानदाराला एकच विचारा की हा बर्नर उद्या सडला तर दुसरा कुठं मिळणार आणि किती दिवसात.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे, ती बाहेरच्या रिव्ह्यूत कुणी सांगत नाही. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, घरोघरी मटण, पाऊस धो धो, ग्रिल तेव्हा जोरात चालतं आणि मग एकदम श्रावण लागतो. मीठ, लिंबू, दही आणि चरबी जाळीला तशीच चिकटलेली, वरनं प्लॅस्टिकचं कव्हर ओढलेलं, आणि काही घरात तर ते डायरेक्ट दसऱ्यानंतरच उघडतंय. मीठ अधिक ओल अधिक बंद कव्हर, म्हणजे स्टेनलेसला बारीक बारीक खड्डे पाडायला लागणारं सगळं सामान तयार. वापरून जेवढं झिजत नाही तेवढं ग्रिल त्या दोनअडीच महिन्यात खराब होतं, आणि लोक म्हणतात कंपनीनं फसवलं.

आता स्टेनलेसचं बघू, कारण तिन्ही पर्यायात फसवाफसवी इथंच होते. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हे बाहेर ठेवायला चांगलं. ४३० मध्ये क्रोमियम असतंय पण निकेल जवळजवळ नाहीच, ते ओलीत लवकर डागाळतं. आणि २०२, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते ह्या दोन्हीच्या मधे कुठंतरी येतं पण दिसायला हुबेहूब ३०४. लोक लोहचुंबक घेऊन दुकानात जातात, चिकटलं नाही म्हणजे ३०४, असं धरून चालतात. त्यानं फक्त ४३० सापडतं, कारण चुंबक २०२ लाही चिकटत नाही, आणि उलट चांगल्या ३०४ ला वाकवलेल्या कोपऱ्यात थोडं चिकटू शकतं. त्यामुळं नुसत्या चुंबकावर विश्वास ठेवू नका, पत्रा घेताना फॅब्रिकेशनवाल्याला सरळ टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून दाखव म्हणायचं, भंगार-पत्र्याच्या धंद्यातल्या लोकांकडं ती बाटली असतेच.

ब्रँडेडमध्ये उदाहरण म्हणून वेबरची क्यू मालिका घेऊ. तिची बॉडी आणि झाकण ओतीव ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे गंज हा विषयच संपला, आपल्या पावसाला ह्याच्यासारखी दुसरी बॉडी नाही. जाळी बिडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची), वर पोर्सेलिनचा मुलामा. क्यू २२०० ला १२,००० बीटीयूचा बर्नर (बीटीयू म्हणजे बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचं माप) आणि जाळी २८० चौरस इंच. गॅसला एकदम काटकसरी, फुल्ल चालवलं तरी तासाला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ५० तास जातोय, बघा हिशोब करून. ह्याउलट मोठं तीन बर्नरवालं ३६,००० बीटीयूचं घेतलं तर तासाला आठशे ग्रॅमच्या वर, म्हणजे तोच सिलिंडर १७ तासात खल्लास.

पण क्यू २२०० ला बर्नर एकच आहे, आणि आपल्या जेवणाला ही खरी अडचण. कांदा-लसूण मसाला लावलेलं मटण ठेवलं की त्यातलं खोबरं, तीळ, चटणी आधी करपणार आणि मटण आत कच्चंच. त्यासाठी एका बाजूला जाळ आणि एका बाजूला बंद असं पाहिजे, आधी जाळावर रंग आणायचा मग बंद बाजूला सरकवून झाकण टाकायचं. एका बर्नरवर हे नीट जमत नाही, मग मसाला शेवटी लावायला लागतो आणि ती चव येत नाही (हे माझं मत, घरात वाद होऊ शकतो). दोनतीन बर्नरचं ब्रँडेड घेतलं तर हा प्रश्न सुटतो पण बजेट कुठल्या कुठं जातं, आणि बऱ्याच मॉडेलांची ट्रॉली-कपाट साध्या रंगवलेल्या पत्र्याचं असतंय, ते पावसात पहिल्यांदा जातं.

अजून एक, परदेशातनं कुणी पाठवलेलं किंवा आणलेलं ग्रिल असेल तर रेग्युलेटरचं बघा. अमेरिकेतला सिलिंडरचा आटा वेगळा, तो आपल्या व्हॉल्व्हवर बसत नाही. मग कुणीतरी ॲडॉप्टरचा जुगाड करून देतो, तो करू नका. भारतात विकायचं म्हणून बनवलेलं मॉडेल घ्या. आणि घरात पाइपचा गॅस असेल तर जेट (बर्नरला गॅस सोडणारा भोकाचा तुकडा) बदलायला लागतो, सिलिंडरच्या जेटचं भोक बारीक असतं, त्यावर पाइपचा गॅस लावला तर जाळ अगदीच बारीक येणार.

ऑनलाइनवाल्याचं थोडक्यात. पत्रा पातळ, बर्नरची नळी त्याहून पातळ, बरंच काही रिव्हेट मारलेलं म्हणजे उघडून साफ करता येत नाही, आणि सुटा बर्नर मिळत नाही. वर्षात दोनदाच वापरणार, पाऊस सुरू व्हायच्या आत पुसून घरात ठेवणार, तर चालेल. अंगणात ठेवायला नाही.

आता बनवून घेण्याचं, आणि इथं कोल्हापूरकराला जे सुख आहे ते पुण्या-मुंबईलाही सहज मिळत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फाउंड्र्या, उद्यमनगरात लेथपासून वेल्डिंगपर्यंत सगळं चालत जायच्या अंतरावर. पण नुसतं "एक ग्रिल बनवून द्या" म्हणालात तर तो पट्ट्याची पेटी करून त्यात हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर बर्नर टाकून मोकळा होणार. तो बर्नर घरच्या साध्या रेग्युलेटरवर नीट चालतच नाही, आणि हाय प्रेशर रेग्युलेटर लावला तर जाळ असा की तंगडीचा कोळसा. डोसा भट्टीच्या तव्याखाली असतात तसले लांब पाइप बर्नर सांगा, पण लो प्रेशरचे, तीन घ्या, प्रत्येकाला वेगळा कॉक. उद्या एखादा सडला तर हॉटेलच्या सामानाच्या दुकानातनं नवीन आणायचा, दोन बोल्ट काढायचे, संपलं. माझ्या दृष्टीनं टिकाऊपणा म्हणजे हाच.

दुसरी गोष्ट, बर्नरवर उलट्या व्ही आकाराची पट्टी. लोकल बनवणारे ही हमखास विसरतात. ती नसली की चरबी सरळ बर्नरच्या भोकांवर पडते, भोकं बुजतात, आणि भडका उडतो तो वेगळाच. वेबरनं १९८५ च्या जेनेसिस ग्रिलमध्ये लाव्हा दगडांऐवजी असल्याच तिरक्या पट्ट्या टाकल्या, चरबी त्यावर पडून धूर होतो आणि उरलेली खाली ट्रेत घसरते. ३०४ चा १६ गेज पत्रा, म्हणजे दीड मिलीमीटरच्या थोडा वर, आणि वेल्ड न करता नुसती ठेवलेली, उचलून घासता यायला पाहिजे. पेटीला १८ गेज बास झाला.

जाळी बिडाची का ३०४ च्या सळीची? बीड उष्णता धरून ठेवतं, मटणावर पट्टे कडक येतात, ते सळीवर तसे येत नाहीत. पण वजन बघा, ६० बाय ४५ सेंटीमीटरची, एक सेंटीमीटर जाडीची, निम्मी फट धरली तरी १० किलोच्या घरात जाते, म्हणून दोन तुकड्यात करून घ्या. ओतून आली की हातात लटकत धरून नाण्यानं वाजवा. टण्ण असा लांब आवाज आला तर माल चांगला, बद्द वाजली तर आत चीर आहे, परत द्यायची. आणि फाउंड्रीवाल्याला आधीच बजावा की रंग नको, ब्लॅक जपान तर अजिबात नको, गटारीच्या झाकणाला मारतात तसं सवयीनं मारून देतात. घरी आणून तेल लावून तीनचारदा तापवायची. तापलेल्या बिडावर गार पाणी कधी ओतायचं नाही, तडकतं. आणि श्रावणाआधी घासून, तेलाचा हात फिरवून, जाळ्या घरात. हे करणारं घरात कुणी नसेल तर बीड विसरा, आठ मिलीमीटरची सळी घ्या.

लोकलचा तोटा म्हणजे झाकण. घट्ट बसत नाही, उष्णता जाते, अख्खी कोंबडी तासभर ठेवायला मजा नाही. त्यातच सगळे पैसे घालायचे तर मग ब्रँडेडच घ्या की.

गॅसबद्दल दोन गोष्टी, ग्रिल कुठलंही असो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर तीन बर्नर फुल्ल मारले की सिलिंडर गारठतो, बाहेरनं घाम फुटतो आणि जाळ बसतो, त्याला मोठाच सिलिंडर पाहिजे. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होज, पाच वर्षं झाली की बदलायची. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात, उघड्या गटारीच्या कडेला ठेवू नका. पुराच्या भागात राहत असाल तर चाकं मोठी लावून घ्या, २०१९ आणि २०२१ दोन्ही आठवत असतीलच, आणि रेग्युलेटर पाण्याखाली गेला तर वाळवून परत लावायचा नाही, नवीन घ्यायचा.

बंद ठेवलेलं ग्रिल पहिल्यांदा पेटवायच्या आधी बर्नरच्या तोंडात वाकून बघा. कुंभारीण माशीला ती नळी फार आवडते, मातीचं घर बांधून टाकते, मग गॅस पुढं जात नाही आणि कॉकपाशीच पेट घेतो. लांब ब्रशनं साफ केलं की झालं, तोंडाला बारीक जाळी लावली तर आणखी बरं.

आणि पैसे द्यायच्या आधी, दुकान असो का वर्कशॉप, समोर पेटवून दाखवायला लावा. सगळे कॉक फुल्ल, पंधरा मिनिटं. जाळ निळा पाहिजे, टोकाला थोडा पिवळा चालेल, सगळाच पिवळा असेल तर हवा कमी पडतीय, पुढची झडप सेट करून मागा. मग एकेक कॉक अगदी बारीक करा आणि पंख्याची हवा मारा. बारीक जाळ हवेत विझणारा बर्नर टेरेसवर काही कामाचा नाही.