नगरपरिषदेचा घरकुल कक्ष: आराखडा नेटका, हप्ता मात्र रखडलेला

25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत प्रत्येक शहराने मागणीचे सर्वेक्षण करून 'सर्वांसाठी घरे' कृती आराखडा तयार करणे अपेक्षित होते. त्याप्रमाणे आमच्या नगरपरिषदेने सर्वसाधारण सभेत तो मंजूर केला आणि अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. वडिलांच्या मातीच्या घरासाठी आम्ही घटक 4 खाली, म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी, अर्ज केला होता.

कक्षातील वागणूक उत्तम आहे. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव असल्याचे तेथील अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत दाखवून दिले आणि वारसनोंद झाल्याशिवाय प्रकरण पुढे जाणार नाही, हे आडपडदा न ठेवता सांगितले. 30 चौरस मीटर चटई क्षेत्राचा (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा) नकाशाही त्यांनी समजावून दिला.

तक्रार आहे ती पैशांबाबत. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर कर्मचाऱ्याने मोबाईलवर स्थळनोंदीसह छायाचित्र घेतले. पण पुढचा हप्ता येईपर्यंत पावसाळा उलटला, उघड्या जोत्यावर गवत उगवले आणि गवंडी दुसरीकडे कामाला लागला. (सिमेंटच्या दुकानदाराने उधारी दिली, हे आमचे नशीब.) विचारणा केली की 'निधी वरून आलेला नाही' एवढेच उत्तर मिळे. आमचा हप्ता कोणत्या टेबलावर अडकला आहे, हे कळण्याची सोय त्या कक्षात नाही.