३०० वॉटचा लाईट बार आणि लाल फ्यूज

शेवटी लिहितोच. व्हिडिओ टाकणाऱ्या एका फिटिंगवाल्याकडून माझ्या पिकअपवर सामान बसवून घेतलं आणि फसलो. दोन महिने लाजेने कुणाला बोललो नाही, बायकोलाही आकडा कमी करून सांगितलाय. खरा आकडा ७४,५००. चार गॅस शॉकअप (धक्के झेलणारे) आणि गाडी उंच करणारं २ इंची लिफ्ट किट ५२,०००, लाईट बार (पुढे लावायची जादा लाईटची पट्टी) वायरिंगसकट १४,५००, मजुरी ८,०००. त्यातले ४५,००० आधी ऑनलाइन आणि उरलेले २९,५०० रोख, कारण "बिल कशाला दादा, उगाच टॅक्स पडेल". बाकी तुम्हाला माहितीच आहे, त्याचे व्हिडिओ, त्यात खूश गिऱ्हाईक, "शेवटचे दोनच सेट उरलेत" वगैरे.

आणि मी काही अगदीच अडाणी नाही हो. अकरा वर्षं पिकअप चालवतोय, ऑइल, ब्रेक लायनर माझं मीच बदलतो. म्हणून तर जास्त जळतं.

काम संपत आलेलं, मी बॉनेटपाशीच उभा. बारच्या लाईनवर त्याने फ्यूज खोचला तो लाल. लाल म्हणजे १० अँपिअर. बारच्या मागे ठळक छापलंय ३०० वॉट. १२ व्होल्टला ३०० वॉट म्हणजे २५ अँपिअर, १० चा फ्यूज काही सेकंदांत उडायलाच पाहिजे. त्याने स्विच दाबला, समोरची भिंत पांढरीफटक, फ्यूज जागच्या जागी. हे गणित माझ्या डोक्यात तिथेच झालं होतं, शप्पथ. आणि तोंडातून काय निघालं, तर "भारीच पडतोय उजेड!" पैसे नुकतेच मोजून दिलेले, आता शंका काढली तर आपणच येडे ठरू असं वाटलं. दहा सेकंद तोंड उघडलं असतं तर... जाऊ दे.

नंतर क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजणारा) लावला. ५.२ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम ६२ वॉट. छापलेल्या वॉटवर जाऊ नका, मीटर लावल्याशिवाय पैसे सोडू नका.

लाईट खोटा निघाला म्हणून मग खाली शिरलो. शॉकअपचा चकचकीत पिवळा रंग टोकाच्या रबरी बुशवरपण उडालेला. नवीन मालाच्या बुशवर रंग कशाला येईल? एक खोलून उभा धरला, दांडा दाबला, आत गेला तो आतच बसला. गॅसवाल्याचा दांडा हात सोडला की आपोआप वर येतो, बसवायच्या आधी हे स्वतः करून बघा. म्हणजे जुने ऑइलवाले रंगवून दिले मला. लिफ्ट किट म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन १ इंची ठोकळे, पाटे आवळणारे यू-बोल्ट जुनेच, त्यामुळे लांबी अपुरी, नटाबाहेर आटा उरलेला नाही. आणि मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे प्रेशर देणारा व्हॉल्व्ह असतो ना, त्याच्या दांडीला हातच लावलेला नाही. मागून गाडी उचलल्यावर व्हॉल्व्हला वाटणार गाडी रिकामी, ब्रेक कमी देणार. हौदा भरून मी उतारावरून तीन आठवडे असा फिरलो. हे सगळं काढून पुन्हा नीट करायला ११,२०० वेगळे.

पोलिसांकडे गेलो तर म्हणे हा पैशाचा व्यवहार, आमच्याकडे येत नाही, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्यांकडे जा. ते म्हणे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत आणि कामही झालंय, मग फ्रॉड कसला? ग्राहक तक्रारीला पक्कं बिल मागतात. बिल असतं तर बोंब कशाला मारली असती! आणि कळस म्हणजे परिवहनचा साहेब, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही उंची वाढवायची परवानगी घेतली होती का तुम्ही?" म्हणजे फसलो मी आणि आरोपीही मीच. खुर्चीतून कसा उठलो माझं मला माहीत. इन्शुरन्सवाल्यांना तर विचारलंच नाही, न कळवता केलेलं मॉडिफिकेशन म्हणून त्यांनी पॉलिसीवरच बोट ठेवलं असतं.

बिल नाही तर काम नाही, एवढं तरी करा. जुना काढलेला पार्ट सोडून येऊ नका, माझे कंपनीचे चांगले शॉकअप तिथेच राहिले, आता कुणाच्या तरी गाडीला पिवळे होऊन लागले असतील. यू-बोल्ट नवेच घ्या.

परवा त्याचा नवा व्हिडिओ समोर आला. नंबर प्लेट धूसर केलीय, पण हौद्याच्या फळीवरचा पोचा माझाच. मागून आवाज येतो, "भारीच पडतोय उजेड!" खाली कॉमेंट टाकली, पाच मिनिटांत उडवली आणि मला ब्लॉक.