डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भाजीचा वाफा : एनएचएसच्या ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ सेवेचा अनुभव

माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात गुडघा दुखतो म्हणून मी वायव्य लंडनमधल्या आमच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, तीनदा जाऊन आले. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी गुडघा सोडून झोपेची चौकशी केली. मला बोलताच येईना, तेव्हा गोळ्या न लिहिता त्यांनी माझे नाव लिंक वर्करकडे, म्हणजे माणसाला परिसरातल्या गटांशी आणि मदतीशी जोडून देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, पाठवले. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या, या सेवेला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

कल्पना नवी नाही. पूर्व लंडनमध्ये 1984 साली सुरू झालेल्या ब्रॉम्ली बाय बो केंद्राने पुढे दवाखाना, बाग, कलावर्ग आणि कर्ज-रोजगाराचा सल्ला एकाच आवारात आणला. जानेवारी 2019 च्या दीर्घकालीन आराखड्यात एनएचएसने हीच वाट इंग्लंडभर नेण्याचे ठरवले आणि 2023-24 पर्यंत नऊ लाखांहून अधिक लोकांना या सेवेकडे पाठवण्याचे लक्ष्य ठेवले. एकटेपणा, घरभाडे किंवा वियोग यांवर औषध नसते आणि दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना त्यावर बोलायलाही सवड नसते, म्हणून हे काम लिंक वर्करकडे दिले आहे.

माझी सुरुवात मात्र धड झाली नाही. पाच आठवडे काहीच हालचाल नव्हती. मग दोनदा फोन आला, पण नंबर दिसत नसल्याने फसवणुकीचा असेल या भीतीने मी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला नसता तर माझे नाव यादीतून वगळले जाणार होते, हे मला नंतर कळले. खचलेल्या माणसाला वगळण्याची याहून सोपी पद्धत मला तरी सुचत नाही.

भेट झाली ती ग्रंथालयाच्या माडीवरच्या खोलीत, पूर्ण तासभर. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या लिंक वर्करने पहिल्याच वाक्यात मला नावाने हाक मारली, जे इथे चाळीस वर्षे काढूनही कानाला खटकते. पण ‘तुम्हाला काय होतंय’ असे न विचारता ‘तुम्हाला काय करावंसं वाटतं’ असे तिने विचारले, आणि हा प्रश्न मला कित्येक महिन्यांत कोणी केला नव्हता. तिच्या यादीतला एक विणकाम गट बंद पडून सहा महिने झाले होते आणि दुसरा दोन बस बदलून जावे लागेल इतका लांब होता. उरली ती सामूहिक अलॉटमेंट, म्हणजे कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) जमिनीवरचे भाजीचे वाफे. पहिल्या दिवशी ती बसने माझ्यासोबत फाटकापर्यंत आली. नुसता पत्ता हातात दिला असता तर मी गेले नसते.

तिथली मंडळी कोथिंबिरीचे धणे अख्खेच पेरत होती आणि उगवत नाही म्हणून कुरकुरत होती. मी पिशवीतली चप्पल काढून धणे फळीवर रगडले, एकेकाची दोन दोन दले केली आणि रात्रभर भिजवून पेरायला सांगितले. तीन आठवड्यांनी वाफा हिरवा झाला, तेव्हा माझी मंगळवारची गैरहजेरी लोकांच्या लक्षात येऊ लागली होती. झोपही थोडी सुधारली. ती बागेमुळे की काळामुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि संशोधकांनाही ते सोपे गेलेले नाही : 2017 मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात अशा उपक्रमांची बहुतेक मूल्यमापने लहान आणि सदोष मांडणीची असल्याचे नोंदवले होते.

मर्यादा याहून ठोस आहेत. ही सेवा उपचार नव्हे. बागेतले एक गृहस्थ थेरपीची वाट पाहत होते, ते दोन तास कुदळीला टेकून उभे राहायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. त्यांना मानसोपचारच हवे होते, आणि रांग लांब आहे म्हणून माणसाला बागेत पाठवणे मला योग्य वाटत नाही. लिंक वर्करची सोबत साधारण तीन महिन्यांची असते आणि वर्षाला दोनशे-अडीचशे माणसे तिच्या वाट्याला येतात, त्यामुळे तिलाही दोष देता येत नाही. शिवाय ती पाठवणार कुठे, हे परिसरात काय चालू आहे यावर ठरते. कौन्सिलांचे हात आखडलेले असताना चिठ्ठ्या वाढतात, गट वाढत नाहीत. आमची अलॉटमेंट तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, म्हणजे चार वाजता अंधार पडतो नेमके त्याच महिन्यांत. आपल्या लोकांविषयीची माहितीही तोकडी : 1932 पासून लंडनमध्ये असलेल्या महाराष्ट्र मंडळाचे नाव मीच तिला सांगितले आणि तिने ते वहीत लिहून घेतले.

मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. निवृत्ती, वियोग किंवा नव्या गावातला एकटेपणा असेल तर सेवा जरूर घ्यावी; मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर लिंक वर्करची वाट न पाहता थेट डॉक्टरांना गाठावे, किंवा एनएचएसच्या 111 या मदत क्रमांकाला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडावा. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर रिसेप्शनवर ‘लिंक वर्कर’ हा शब्द उच्चारून विचारावे. आणि नाव दिल्यावर नंबर न दिसणारे फोन काही आठवडे तरी उचलावेत.