दिल्ली सोडून कोल्हापूर: चौदा महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस आम्ही तिघे, म्हणजे मी, माझी पत्नी आणि ऐंशीच्या घरातील आई, दिल्लीतील मयूर विहारचे भाड्याचे घर सोडून कोल्हापुरात राहायला आलो. या शहरात आमचे कोणी नातेवाईक नव्हते आणि नोकरीचेही निमित्त नव्हते. सौम्य हिवाळा आणि आपल्या आवाक्यातले घर, एवढ्या दोनच गोष्टींसाठी आम्ही सव्वीस वर्षांचे बिऱ्हाड हलवले. आता दोन हिवाळे, एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहून झाल्यावर हा निर्णय कितपत योग्य ठरला, हे असाच विचार करणाऱ्यांसाठी लिहून ठेवत आहे.

आईला दमा आहे. दिल्लीत दिवाळी झाली की तिचे बाहेर पडणे बंद व्हायचे ते जवळजवळ होळीपर्यंत. खिडक्यांच्या फटींना कापडाच्या पट्ट्या, खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र, शेजारी तेलाचा हीटर आणि अंगावर रजई, अशा बंदिस्त खोलीत तिचे चार महिने जात असत. थंडी आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी दिल्लीत त्या एकत्रच येतात, कारण गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर तिच्यातच अडकून पडतो. ८ जानेवारी २०२३ रोजी सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान १.९ अंशांवर उतरले होते. त्याच आठवड्यात आम्ही आईला रात्री दोन वाजता रुग्णालयात घेऊन गेलो होतो आणि दाट धुक्यात पाच किलोमीटरच्या रस्त्याला पाऊण तास लागला होता. दिल्ली सोडायची, हे त्या रात्री पक्के झाले.

घराचा प्रश्नही तितकाच जुना होता. मयूर विहारमध्ये आम्ही दोन खोल्या आणि हॉलसाठी महिन्याला ३२ हजार रुपये भाडे भरत होतो आणि त्याच परिसरात विकत घ्यायचे म्हटले तर दीड कोटीच्या खाली कोणी बोलायलाही तयार नव्हते. स्वस्त पर्याय होते ते अनधिकृत वसाहतींमधले, केवळ मुखत्यारपत्रावर हस्तांतरित होणारे. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलेले असताना निवृत्तीची पुंजी त्यात घालण्याची आमची तयारी नव्हती.

महाराष्ट्रात परतायचे ठरल्यावर पुणे, नाशिक, नागपूर आणि कोल्हापूर अशी चार नावे समोर होती. पुण्याच्या किमती आमच्या आवाक्याबाहेर होत्या. नाशिकचा हिवाळा आपण समजतो तेवढा सौम्य नसतो, निफाडचे तापमान तर अनेकदा राज्यातील नीचांकी म्हणून छापून येते, आणि नागपूरला हिवाळ्यात पारा दहाच्या खाली व मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात, म्हणजे दोन्ही टोके आलीच. कोल्हापुरात मात्र डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारण १४ ते १६ अंश आणि दुपारचे कमाल ३०च्या आसपास असते. कागदावर यापेक्षा चांगले काही मिळणे शक्य नव्हते, आणि हिवाळ्यापुरते बोलायचे तर प्रत्यक्षातही तसेच आहे.

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९०च्या पुढे गेल्याची बातमी आली, तेव्हा आम्हाला इथे येऊन तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी आई गच्चीवर खुर्ची टाकून ओला हरभरा सोलत बसली होती. अंगावर साधे सुती लुगडे होते, शालही घेतली नव्हती. शेजारच्या काकू कानटोपी घालून वर आल्या आणि म्हणाल्या, “आज्जी, थंडी लई पडलीया, वाऱ्यात नका बसू.” आईने त्यांना हाताला धरून शेजारी बसवून घेतले. सव्वीस वर्षांत नोव्हेंबरच्या सकाळी उघड्यावर बसलेली आई मी प्रथमच पाहत होतो, आणि केवळ त्या एका दृश्यासाठीही मी पुन्हा एवढा सगळा खटाटोप करीन. त्या हिवाळ्यात तिला नेब्युलायझर दोनदाच लावावा लागला. दिल्लीत तो आठवड्यातून तीन-चार वेळा लागत असे. दुखणे बरे झाले असे नाही, पण ते उसळण्याची निमित्ते कमी झाली, असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले.

एक निमित्त मात्र इथेही आहे. दिल्लीला पंजाब-हरियाणातील पराली, म्हणजे शेतात जाळले जाणारे भाताचे काड, छळते, तर कोल्हापूरला उसाचे पाचट. गळीत हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि तोडणी झालेल्या फडातले पाचट अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. आमचे घर कळंबा रस्त्याच्या बाजूला, शहराच्या दक्षिण कडेला आहे. तिथून शेते दूर नाहीत, आणि संध्याकाळी वारा पडला की राखेच्या काळ्या काड्या गॅलरीत येऊन पडतात. दिल्लीच्या धुराशी याची बरोबरी होऊ शकत नाही, कारण तासा-दोन तासांत हवा मोकळी होते. तरीही दम्याचा रुग्ण घरात असेल तर शेताच्या अगदी बांधाला लागून घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घराच्या व्यवहाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आम्ही २०१७ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या इमारतीत ७१० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट ४६ लाखांना घेतला. नव्या इमारती पुष्कळ होत्या, तरी जुनीच घ्यायची असा माझा आग्रह होता, आणि त्याचे कारण २०१९ व २०२१ चे महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. ते दोन पूर पाहिलेली इमारत काय सोसू शकते, हे तिच्या भिंतींवर आणि शेजाऱ्यांच्या तोंडी असते. नव्या इमारतीबद्दल आपल्याला फक्त विक्रेता जे सांगेल तेच कळते. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी विकास आराखड्यातील निळी आणि लाल पूररेषा पाहावीच, पण त्यानंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारावे. नागाळा पार्क किंवा शाहूपुरीच्या सखल भागात विचारले, तर लोक भिंतीवर हात ठेवूनच खूण दाखवतात. दाखवायला खूण नाही अशीच जागा आम्ही शोधत होतो.

पुनर्विक्रीचा फ्लॅट असल्यामुळे जीएसटीचा प्रश्न आला नाही. खरेदी केवळ पत्नीच्या नावे केली, कारण महाराष्ट्रात निवासी घराची खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमचे त्यात ४६ हजार रुपये वाचले. दस्त नोंदणीसाठी ३० हजार भरले. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या जुन्या व्यवहारांचा तपास), मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र आणि अपार्टमेंटचे घोषणापत्र तपासून घेतले, आणि मागील मालकांचा घरफाळा थकलेला नाही याची पावती हातात घेतल्याशिवाय उरलेली रक्कम दिली नाही. कागदपत्रांच्या बाबतीत दिल्लीत जी धास्ती वाटायची, ती इथे कुठेही वाटली नाही. मध्यस्थाबद्दल तसे म्हणता येणार नाही. त्याने मुद्दाम दुपारच्या वेळी, ऐन कोरड्या दिवसांत फ्लॅट दाखवला आणि गच्चीबद्दल विचारल्यावर विषय बदलला, आणि मी तो बदलू दिला.

घेतलेला फ्लॅट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ऊन भरपूर मिळावे आणि पाण्याची भीती नसावी, या दोन विचारांनी आम्ही तो मजला निवडला. पुराचे पाणी खालून येते एवढेच आमच्या डोक्यात होते.

दिल्लीचा पाऊस मुसळधार कोसळतो, दोन तास रस्ते तुंबवतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडते. कोल्हापूरचा पाऊस एका वेळी फारसा पडत नाही, पण थांबतही नाही. सह्याद्रीचा घाटमाथा इथून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, तिकडे गगनबावड्याला धुवाधार कोसळणाऱ्या ढगांची शेपटी शहरावर दिवसच्या दिवस रिपरिपत राहते. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात दाखल झाला. जूनच्या मध्यापर्यंत कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट बुरशी आली, मिठाच्या बरणीत पाणी सुटले, आणि धुतलेला टॉवेल तीन दिवस पंख्याखाली ठेवूनही कोंदट वास देऊ लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीच्या छताला, पंख्याच्या हुकाजवळ, बशीएवढा पिवळसर डाग दिसला. चार दिवसांत तो ताटाएवढा झाला, रंगाचे पापुद्रे सुटून तिच्या अंथरुणावर पडू लागले आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली.

आईचा खोकला ऑगस्टमध्ये परत आला. ज्यासाठी शेकडो कोसांवरून आलो, तेच दुखणे आम्ही स्वतःच निवडलेल्या छताखाली पुन्हा सुरू झाले, याचा मला फार त्रास झाला. आम्ही तिला हॉलमध्ये हलवले, खोली रिकामी केली आणि गच्चीची तपासणी करून घेतली. मूळच्या ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, भेगा गेल्या होत्या आणि पाणी निचऱ्याच्या तोंडाकडे न जाता बरोबर आमच्या खोलीवर साचत होते. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८५ हजार रुपये निघाला. गच्ची सर्वांच्या सामाईक मालकीची असल्याने खर्चही सर्वांनी वाटून घ्यायला हवा, हे घोषणापत्रात लिहिलेले होते, पण खालच्या मजल्यावरच्या मंडळींना ते पटायला सहा आठवडे आणि तीन बैठका लागल्या. अखेर सर्वांनी आपापला वाटा दिला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. काम ऑक्टोबरच्या उन्हात झाले. जुना कोबा फोडून नवा घातला, उतार नीट केला आणि आठ दिवस गच्चीवर पाणी बांधून गळती नाही याची खात्री केल्यानंतरच आतला गिलावा आणि रंग केला.

पावसाळ्यात उंचावरच्या घरालाही शहराची अडचण सोसावी लागते, ही दुसरी गोष्ट मला आधी माहीत नव्हती. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता, नदीकाठची उपसा केंद्रे बुडाल्याने नळाचे पाणी बंद झाले होते आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. आमच्या पहिल्या पावसाळ्यात तशी वेळ आली नाही. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की इमारतीतले सगळे जण रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी पाहू लागतात, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्हीही जूनमध्येच आईची महिनाभराची औषधे, जादा गॅस सिलिंडर आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून ठेवले होते.

उन्हाळ्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. एप्रिलमध्ये दुपारी तापते, वळीव येऊन जातो, रात्री पंख्यावर झोप लागते. विजेचा दर दिल्लीपेक्षा चढा आहे आणि तिथली दोनशे युनिटपर्यंतची मोफत वीज इथे नाही, पण हीटर, गिझर आणि हवेचे यंत्र हे तिन्ही सुटल्यामुळे वर्षाचा एकूण खर्च कमीच झाला. दिल्लीला जाणे-येणे मात्र कष्टाचे आहे. निजामुद्दीनची थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते, नाहीतर गोवा एक्स्प्रेसने मिरजेपर्यंत यायचे आणि तिथून पुढे.

माणसांविषयी लिहिल्याशिवाय हे लेखन अपुरे राहील. आमच्या मराठीत सव्वीस वर्षांची हिंदी मिसळली आहे. भाजीवाल्या मावशींना पत्नीने पहिल्या दिवशी ‘धनिया’ मागितला, तेव्हा त्यांनी ‘पाव्हणं कुठलं म्हणायचं?’ अशी चौकशी करून कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. अशा चौकशांची सवय नसलेल्या माणसाला प्रथम अवघडल्यासारखे होते. पण छत गळत होते त्या दिवसांत रात्री अकरा वाजता ताडपत्री घेऊन वर चढलेले तिघे जण हेच, आमची चौकशी करणारे शेजारी होते.

हा दुसरा हिवाळा आहे. आई तिच्या खोलीत परत गेली आहे आणि डिसेंबर संपत आला तरी नेब्युलायझर अजून एकदाच काढावा लागला. इथे येण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन, परंतु विकत घेण्याआधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढीन आणि सर्वांत वरचा मजला टाळीन.

माझा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी फरिदाबादहून निवृत्त होत आहे आणि त्यालाही इथेच यायचे आहे. तो या जानेवारीत घरे पाहायला येतो म्हणाला होता. त्याला मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्याचे तिकीट काढायला सांगितले आहे आणि आमच्याच गल्लीत तळमजल्यावरची एक खोली त्याच्यासाठी चार महिन्यांकरिता भाड्याने बोलून ठेवली आहे.