लिलिपुट की रेनकोट्स: आधी काय ऐकावं?

पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेलं प्रयोगशील संगीत. त्यातले फक्त बायकांचे बँड म्हटलं की पहिलं नाव निघतं 'द स्लिट्स'चं. ते ऐकून झालं असेल तर पुढे काय? लंडनच्या 'द रेनकोट्स' की झुरिकच्या 'क्लीनेक्स', म्हणजेच नंतरच्या 'लिलिपुट'? दोघींची रेकॉर्ड कंपनी एकच, रफ ट्रेड. १९७९ साली त्यांनी ब्रिटनचा दौराही एकत्र केला होता.

रेनकोट्सना उशिरा का होईना, दाद मिळाली. 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडच्या कर्ट कोबेननं त्यांच्या पहिल्या अल्बमच्या १९९३ च्या आवृत्तीसाठी लिहिलं आणि नवी पिढी त्यांच्याकडे वळली. क्लीनेक्सना एवढा मोठा कैवारी भेटला नाही. उलट जरा नाव होऊ लागलं तोच 'क्लीनेक्स' याच नावाच्या टिश्यू पेपरच्या कंपनीनं कोर्टाची धमकी दिली आणि त्यांना 'लिलिपुट' व्हावं लागलं. याची मला अजूनही चीड येते.

रेनकोट्सचा पहिला अल्बम (१९७९) मुरायला वेळ लागतो. विकी ॲस्पिनॉलचं व्हायोलिन गिटारला साथ देत नाही, तिच्याशी हुज्जत घालतं. 'द किंक्स' या ब्रिटिश बँडचं 'लोला' हे पुरुषाच्या तोंडचं गाणं त्या तसंच पुरुषाच्या तोंडी ठेवून गातात, आणि त्याचा रंगच पालटतो. पहिल्या ऐकण्यात हे सगळं विस्कळीत वाटू शकतं. तिसऱ्यांदा ऐका.

लिलिपुटला तेवढी सवड द्यावी लागत नाही. 'स्प्लिट' (१९८०) लावा: आपल्या 'अडगुलं मडगुलं'सारख्या यमकी जोडशब्दांची नुसती सरबत्ती, अधूनमधून किंचाळ्या, आणि खाली क्लाउडिया शिफचा बास धावतोय. अर्थ शोधत बसायचं कारणच नाही. त्याच सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला 'डी माट्रोझेन' आहे. त्यातली शिट्टी दोन दिवस डोक्यातून जात नाही. मार्लेन मार्डरची गिटार तर इतकी मोजकी, की एकही सूर फुकट गेलेला नाही. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला ही ऐकवावी असं मला मनापासून वाटतं.

उणीव आहेच. गायिका बदलत गेल्या, आणि १९८२ व १९८३ चे दोन्ही अल्बम मला सिंगल्सइतके धारदार वाटत नाहीत. म्हणून अल्बमपासून सुरुवात नको. क्लीनेक्स आणि लिलिपुट या दोन्ही नावांखालची गाणी एकत्र केलेला दोन सीडींचा संच आहे, तो मिळवा आणि आधी सिंगल्स ऐका.

रात्री हेडफोन लावून अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकणारे असाल, तर मात्र रेनकोट्स आधी, आणि लगेच त्यांचा 'ओडिशेप' (१९८१). बाकी सगळ्यांना मी लिलिपुटच सुचवेन.