ग्राहक आयोगात विधी सेवेचा वकील घ्यावा की स्वतः उभं राहावं?

मी दोन्ही करून पाहिलंय. घराच्या अनामत रकमेच्या दिवाणी दाव्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मला मोफत वकील दिला होता. पुढे विम्याच्या तक्रारीत मात्र ग्राहक आयोगापुढे मी स्वतः उभी राहिले. खर्चाचा मुद्दा फारसा उरत नाही. मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही, आणि मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फीही नाही. विम्यात मोबदला म्हणजे भरलेला हप्ता, दाव्याची रक्कम नव्हे.

खरा फरक कळतो तो पुकारा झाल्यावर, म्हणजे सुनावणीसाठी आपलं प्रकरण पुकारल्यावर. एकदा वकीलपत्र, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देणारा कागद, दाखल झालं की तुमच्या वतीने बोलायचं ते वकिलांनी. माझे वकील जाणते होते, मसुदा नेमका करायचे. पण त्याच वेळी त्यांचं दुसऱ्या कोर्टातही काम असायचं. मी समोर उभी, सगळे कागद माझ्या पिशवीत, आणि न्यायाधीशांकडून विचारणा व्हायची, ‘वकील कुठे आहेत?’ मग पुढची तारीख, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, ‘तहकूब’. प्रकरणातली तारीख न् तारीख तोंडपाठ असताना गप्प उभं राहणं मला फार लागलं. पुढच्या वेळी स्वतःच बोलायचं, हे तिथेच ठरलं.

आयोगात ते तुलनेने सोपं जातं. पुरावा बहुतेक प्रतिज्ञापत्रावर चालतो, उलटतपासणी क्वचितच होते. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस पोचल्याचा दिवस मी वहीत लिहून ठेवला होता आणि मुदत संपताच तक्रार त्यांच्या म्हणण्याविना पुढे चालवावी असा अर्ज दिला. आपल्या प्रकरणावर एवढी नजर आपलीच राहते, असं मला तरी वाटतं.

कष्ट मात्र आहेत. दस्तऐवजांची यादी, पानांना क्रमांक, प्रतिज्ञापत्र, शेवटी लेखी युक्तिवाद, सगळं आपल्यालाच करावं लागतं. मसुदा अडला तेव्हा मी विधी सेवेच्या कार्यालयात जाऊन सल्ला घेतला, वकीलपत्र दिलं नाही. मला ही सोय सगळ्यांत मोलाची वाटली. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

फौजदारी प्रकरण असेल, जमिनीचा वाद असेल किंवा आयोगातही वैद्यकीय निष्काळजीपणासारखी तज्ज्ञाचा पुरावा मागणारी तक्रार असेल, तर विधी सेवेचा वकील जरूर घ्या. तिथे माझा अनुभव पुरेसा नाही. पण तक्रार पावत्या आणि पत्रव्यवहारावरच उभी असेल, तर निदान पहिल्या तारखेला स्वतः उभं राहून पाहा. वकीलपत्र नंतरही देता येतं. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत तेवढी सांभाळा. विम्यात ती साधारणपणे नकाराचं पत्र मिळाल्यापासून मोजतात.